अकरा दहाची घंटा

मावशी रोज सकाळी केंद्रावर पोचली की चपला दाराबाहेर काढायची, पर्स खिडकीत ठेवायची आणि मुलांच्या लाल खुर्चीत बसायची. ती खुर्ची सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मापाची. मावशी अंगानं भरलेली, त्यामुळे तिचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागायचे. तशीच अवघडून बसून ती डोळे मिटायची आणि दोन मिनिटं खोली ऐकायची. वासही घ्यायची. मग डोळे उघडून त्या उंचीवरून चारी भिंती बघायची आणि उठून कामाला लागायची. ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर ती बंद करून कोपऱ्यातला दिवा लावायची. झाडणाऱ्या बाईंनी फिनेल जास्त ओतलं असेल तर खिडक्या उघडायची. पडद्याची एखादी कडी निसटून पडदा लोंबत असेल तर स्टुलावर चढून ती अडकवायची.

"आपल्याला जे ऐकूसुद्धा येत नाही ना, ते या मुलांच्या कानात यंत्रासारखं घरघरत असतं," ती म्हणायची. "पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो. मी आवाज आवरते, एवढंच."

मावशी जाऊन आता दीड वर्ष होईल. ती माझ्या आईची धाकटी बहीण. बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून चाळिशीत तिनं नोकरी सोडली आणि स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाली. परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या मुलीनं तिला पर्यवेक्षक समजून पुरवणी मागितली होती, हा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची. प्रशिक्षण संपल्यावर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, तीन खोल्यांच्या केंद्रात ती रुजू झाली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. स्वमग्न मुलांच्या मनातली भीती कमी करणं हे तिचं काम. पद्धत सांगायला सोपी आहे. भीती वाटते तेव्हा मनात नेमका कोणता विचार येतो तो शोधायचा, तो कितपत खरा आहे हे मुलाबरोबर बसून तपासायचं, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे एकेक पायरी चढत जायचं. पुस्तकात हे तीन ओळींत संपतं. मावशीला एकेका मुलापाशी वर्ष लागायचं.

"दुसऱ्यांच्या पोरांची भीती घालवते," आई म्हणायची, "आणि घरात झुरळ दिसलं की ही बाई पलंगावर."

"झुरळाची मला भीती नाही, किळस आहे. दोन्हींत फरक आहे," मावशी पलंगावरूनच उत्तर द्यायची.

केंद्राच्या जिन्यात बसलेल्या आयांनी तिचं नाव थांबाताई ठेवलं होतं. कारण मुलाला काही विचारलं आणि उत्तर त्याच्या आईनं दिलं, की मावशी हात वर करून म्हणायची, "थांबा." मग सगळे थांबायचे. कधी एक मिनिट, कधी चार. त्या चार मिनिटांत आयांचा जीव वरखाली व्हायचा, पण मूल बोलायचं. या नावाचा पत्ता मावशीला नाही असा सगळ्यांचा समज होता. तो एका दहा वर्षांच्या मुलीनं पहिल्याच दिवशी मोडला. खोलीत शिरून, मावशीच्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत तिनं विचारलं, "तुमचं नाव थांबाताई आहे का?"

मागे तिच्या आईनं कपाळाला हात लावला.

"जिन्यात आहे," मावशी म्हणाली. "खोलीत नुसतं ताई."

मुलीनं ते नोंदवून घेतलं. त्यानंतर ती कायम जिन्यात थांबाताई आणि खोलीत ताई म्हणत आली. एकदाही चुकली नाही.

तिला घरी सगळे ठकी म्हणत. "ठकी हे माझं नाव नाही, पण घरच्यांपुरतं चालेल," असं तिनं आम्हाला बजावलं आणि आठवडाभरानं, बराच विचार करून, आम्हालाही घरच्यांत घेतलं. मी तेव्हा एम. ए. होऊन घरी बसले होते. आईनं मला मावशीच्या मदतीला पाठवलं होतं, चित्रांची कार्डं कापायला आणि नोंदी नीट अक्षरात उतरवून काढायला. ठकीच्या फाइलमधल्या बहुतेक नोंदी माझ्या हातच्या आहेत.

ठकीला शाळेच्या घंटेची भीती होती. तिच्या शाळेत जिन्याखाली विजेची घंटा होती, शिपाईकाका बटण दाबून ती वाजवत. एके दिवशी ते बटण अडकलं. ठकी नेमकी घंटेखाली उभी होती. आवाज थांबेना, कुणीतरी तिचा हात धरून ओढलं, तो झटकून ती पळत सुटली ती फाटकातून थेट रस्त्यावर. एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक लावला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नव्हती. नुसता गणवेश दिसला तरी कान दाबून पलंगाखाली जायची. आणि गंमत म्हणजे शाळा तिला हवी होती. वर्गाच्या फळ्यावर रोजची तारीख तीच लिहायची. "आता कोण लिहितं?" ती विचारायची. "नीट लिहितात का?"

तिची आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. दिवसातून साठ-सत्तर जणांचं रक्त, आणि प्रत्येकाला एकच वाक्य, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं." घरी आल्यावर ठकी विचारायची, "घंटा वाजणार नाही ना?" आई म्हणायची, "नाही गं राणी." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मावशीनं तिला एक आठवडा ही उत्तरं मोजायला सांगितली. एका रविवारचा आकडा त्रेपन्न निघाला.

"हे बंद करायचं," मावशी म्हणाली.

"लेकरू घाबरलंय आणि मी धीर देऊ नको?"

"हा धीर पाच मिनिटं टिकतो. मग तिला पुन्हा हवा असतो, जास्त हवा असतो. घंटा वाजणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग जे ठाऊक नाही त्याची हमी देऊ नका. म्हणा, 'मला माहीत नाही. वाजली तर काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.'"

बिचारी चार महिने मनावर दगड ठेवून तेवढंच म्हणत राहिली.

सुरुवातीला मावशीनं ठकीला चेहऱ्यांचं कार्ड दाखवलं होतं. हसरा, गप्प, काळजीतला, रडवा, पार घाबरलेला. "यातली तू आत्ता कोणती?" ठकीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "हे पाच बटाटे आहेत." मावशी इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. ते कार्ड तिनं त्याच दिवशी कपाटात टाकलं.

ठकीला वेड होतं पंख्यांचं. कुठल्या खोलीत कोणता पंखा, किती पात्यांचा, कितीवर कसा आवाज करतो हे तिला पाठ. मावशीनं एका इलेक्ट्रिशियनकडून जुना काळा रेग्युलेटर मिळवला, बटण फिरवलं की खटके पडणारा, शून्य ते पाच, आणि तो लाकडी फळीवर बसवून घेतला.

ठकीनं तो मागून तपासला. "हा कशालाच जोडलेला नाही."

"तुला जोडायचा. आत भीती किती जोरात फिरतेय तेवढ्यावर ठेवायचा."

"मी विजेवर चालत नाही."

"मग कशावर चालतेस?"

ठकीनं पुष्कळ विचार केला. "दूध-बिस्किटांवर." आणि मग, तिचं तिनंच, बटण दोनवर आणलं.

तिथून पायऱ्या सुरू झाल्या. घंटेचा फोटो. मोबाइलवर घंटेचा बारीक आवाज, मग थोडा मोठा. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शाळेत जाऊन घंटेकडे नुसतं बघणं. मग स्वतः बटण दाबणं, अगदी टक् करून सोडणं. मावशी दोन गोष्टी कटाक्षानं वेगळ्या ठेवायची. आवाज ठकीच्या कानाला खरोखर लागतो, ते काही मनाचे खेळ नाहीत. म्हणून कानांवर लावायला जाड गाद्यांचे कर्णपट्टे आणले आणि मुख्याध्यापिकांना सांगून तिचा बाक वर्गाच्या पलीकडच्या टोकाला, घंटेपासून लांब हलवला. पण घंटा वाजेल, आत्ता वाजेल, आता वाजेल, या वाट पाहण्यात तिचा दिवस जळत होता. काम करायचं ते त्या वाट पाहण्यावर.

शाळेलाही किती दिवस थांबवणार? मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, पण त्यांनी लेखी कळवलं होतं. सत्र संपायच्या आत ठकीनं एक पूर्ण दिवस वर्गात बसून दाखवावं. नाहीतर पुढच्या सत्रात तिचं नाव पटावर ठेवता येणार नाही. ते पत्र ठकीची आई पर्समध्ये घेऊन फिरायची. घडीवर कागद फाटत आला होता.

सत्र संपायला साडेतीन आठवडे उरले असताना पुढची पायरी आली. भरलेल्या शाळेत, मैदानाच्या कडेला उभं राहून मधल्या सुट्टीची घंटा ऐकायची. आम्ही चौघी झाडाच्या पाराशी उभ्या होतो. ठकीच्या कानांवर पट्टे, हातात रेग्युलेटर. बटण तीनवर.

"किती वाजता वाजणार?" तिनं विचारलं.

"वेळापत्रकात अकरा दहा आहे," मावशी म्हणाली.

"नक्की?"

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. बटण चारकडे सरकत होतं. शेजारी आई पर्स छातीशी धरून उभी होती.

"नक्की," मावशी म्हणाली.

घंटा अकरा वाजून आठ मिनिटांनी वाजली.

ठकी ओरडली नाही. रेग्युलेटर खाली पडला. तिनं स्वतःचं मनगट दातांत धरलं आणि फाटकाकडे धावली. फाटकाला या वेळी कुलूप होतं. गजांना कपाळ टेकून ती पाऊण तास उभी राहिली. आईनं हात लावला तर अंग चोरायची. शेवटी निघताना ती एवढंच म्हणाली, तेही गजांना, "अकरा आठ. अकरा दहा नाही." पुढच्या दोन वेळा ती केंद्रावर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीची आई एकटीच आली. भांडायच्या तयारीनं आली होती असं मला वाटतं. पण तिनं तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "चार महिने तुम्हाला जे करू नका म्हणत होते, ते काल मी केलं."

ठकीची आई समोरच्या खुर्चीत बसली.

"मला माहीत नव्हतं घंटा कधी वाजेल. माणूसच वाजवतो ती. तरी मी हमी दिली. बटण चारवर जाताना मला बघवलं नाही."

मग ठकीची आई खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "खरं सांगू का ताई? वाईट वाटून घेऊ नका. पण ऐकून जरा बरं वाटलं."

मावशी खुदकन हसली, आणि लगेच डोळे पुसले.

संध्याकाळी आम्ही ठकीच्या घरी गेलो. ठकी जेवणाच्या टेबलाखाली होती. मावशी टेबलाजवळ जमिनीवर बसली, ठकीकडे पाठ करून, म्हणजे तिच्याकडे बघायची सक्ती नको.

"माझं चुकलं," मावशी म्हणाली.

टेबलाखालून आवाज आला, "दोन मिनिटांनी."

"नाही. दोन मिनिटं ही चूक नाही. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत आहे असं सांगितलं. ती चूक."

आतल्या खोलीत कपडे धुवायचं मशीन फिरून थांबलं.

"मग तुम्हाला काय माहीत आहे?"

"घंटा वाजते हे माहीत आहे. थांबते हेही माहीत आहे. कधी वाजेल, ते नाही माहीत."

"एकदा थांबली नव्हती."

"तीन मिनिटं वाजली, मग थांबली."

"तीन मिनिटं दहा सेकंद. आणि वायर काढली म्हणून थांबली."

"बरोबर. वायर काढली म्हणून."

मावशीचा पाय आखडला होता, तो तिनं हळूच लांब केला.

"शिपाईकाकांना वेळेवर वाजवायला सांगा," ठकी म्हणाली.

हे सगळ्यांच्याच मनात आलं होतं. मुख्याध्यापिकांनी तर त्या दुपारीच फोनवर तयारी दाखवली होती. वेळ लावली की आपोआप वाजणारं यंत्र मिळतं, आठवड्यात बसवून घेऊ, सेकंदाचाही फरक नाही. ठकीच्या आईच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. आणि मावशीनं नको म्हटलं.

"अहो, का नको?" आईचा आवाज चढला. "एवढं सोपं असताना अवघड का करताय? वीस दिवस राहिलेत!"

"शाळेचं यंत्र बसेल. बाहेरच्या हॉर्नला कुठलं यंत्र बसवणार? शेजारच्यांच्या दारावरच्या बेलला? तिला वेळेवरची घंटा नको आहे. वेळ माहीत नसताना श्वास घेता यायला हवा."

"आणि नाही आला घेता तर? नाव जाईल तिचं."

"जाऊ शकतं," मावशी म्हणाली. "मी चुकत असेन. या वेळी हमी देत नाही."

ठकीची आई रागानं उठून आत गेली. भांडी आपटल्याचे दोन आवाज आले. मावशीचा चेहरा उतरला होता. पण टेबलाखालून एक प्रश्न आला, आणि त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

"काका रोज चुकतात का एकदाच चुकले?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "मोजायला पाहिजे."

तीन दिवसांनी ठकी वही घेऊन केंद्रावर आली. मावशीनं तिच्याबरोबर बसून रकाने आखले. एका रकान्यात, घंटा अचानक वाजली तर काय होईल असं वाटतं. पुढच्यात, खरंच काय झालं. मग घंटेची खरी वेळ, आणि रेग्युलेटर आधी किती, वाजताना किती, दहा मिनिटांनी किती. पहिल्या रकान्यात ठकीनं लिहिलं, 'ती थांबणार नाही आणि माझा श्वास सुरू होणार नाही.' हे वाक्य चार महिन्यांत पहिल्यांदा बाहेर आलं होतं. मावशीनं ते दोनदा वाचलं. नुसती म्हणाली, "चल, बघून येऊ."

पहिल्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर उभ्या राहिलो. अकरा बारा. रेग्युलेटर पाच, पाच, चार. ठकीनं 'काय झालं'मध्ये लिहिलं, 'थांबली. अकरा सेकंद. श्वास चालू होता पण वाईट.' दुसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरलीच नाही, गाडीतूनच ऐकली. तिसऱ्या दिवशी फाटकाच्या आत. अकरा नऊ. पाच, चार, दोन. एका सोमवारी तर पुन्हा मनगट चावलं, वहीत काहीच लिहिलं नाही, आणि ठकीच्या आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मावशीच्या मागे सरकले.

शिपाईकाका हे सगळं लांबून पाहत. उंच, वाकलेला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला माणूस. बटण अडकलं त्या दिवसाचा सल त्यांच्याही मनात होता. आठव्या दिवशी ते धीर करून जवळ आले. "काय लिहितेस गं बाळ?"

ठकीनं वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वरून खाली बोट फिरवलं. अकरा बारा, अकरा सात, अकरा नऊ, अकरा तेरा.

"पंचवीस वर्षं घंटा वाजवतोय मी," ते म्हणाले, "आणि एकदासुद्धा वेळेवर नाही?"

"पंचवीस वर्षांचं माहीत नाही," ठकी म्हणाली. "सात दिवसांचं माहीत आहे."

"अगं, कधी पाण्याची टाकी भरायची असते, कधी आतून बाई हाक मारतात. मुख्याध्यापिकांना दाखवू नकोस हं हे."

"त्यांनी विचारलं तर दाखवेन."

काकांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं दोन्ही हात वर केले. "मी काही करू शकत नाही काका. ती खोटं बोलत नाही."

त्याच्या दुसऱ्या दिवशी गंमत झाली. काकांनी बहुधा मनावर घेतलं. टाकी नाही, हाका नाही, घड्याळाकडे डोळे लावून ते बटणापाशी उभेच राहिले असणार. घंटा बरोबर अकरा दहाला वाजली. ठकीनं घड्याळ पाहिलं, वही पाहिली, आणि कानांवरचे पट्टे तसेच ठेवून तरातरा मैदान ओलांडून जिन्याखाली गेली. थेट घंटेखाली. आम्ही मागे धावलो.

"तुम्ही आज वेळेवर वाजवली," ती काकांना म्हणाली.

"हो की! बघ!" काका खुशीत.

"असं करू नका. प्रयोग बिघडतो."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. ठकी कुठे उभी आहे हे ठकी सोडून आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मावशी काही म्हणाली नाही, मला म्हणू दिलं नाही, आणि ठकीच्या आईनं "अगं बाई, तू घंटेखाली" एवढं म्हणताच तिच्याकडे हात वर केला. मग ठकी सावकाश परत चालत आली आणि आम्हाला म्हणाली, "काका उद्यापासून नीट चुकतील. मी सांगितलंय."

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी तो दिवस आला. ठकीच्या आईला लॅबमधून सुट्टी मिळाली नाही. मावशी आणि मी वर्गापासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसलो. दिवसाच्या नऊ घंटा होत्या. पहिल्या घंटेला मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला. वर्गाचं दार उघडलं नाही. दुसरी, तिसरी. मधल्या सुट्टीच्या घंटेला दार उघडलं, मुलं भसाभस बाहेर पडली, त्यांत ठकी नव्हती. मी उठले. मावशी म्हणाली, "बस." माझ्यापेक्षा तिलाच जास्त उठायचं होतं. काही मिनिटांनी ठकी शेवटची बाहेर आली, व्हरांड्यातल्या पंख्याखाली उभं राहून बिस्किटं खाल्ली, आमच्याकडे न बघता परत आत गेली.

सहाव्या घंटेला ती बाहेर आली. कान दाबलेले, चेहरा पांढरा. भिंतीला पाठ लावून खाली बसली. वर्गाच्या बाई दारात येऊन आमच्याकडे पाहू लागल्या. मावशी उठली, तिच्यापासून दोन हातांवर जाऊन तशीच खाली बसली.

"पाच," ठकी म्हणाली.

"हं."

"ही थांबेल का?" घंटा केव्हाच थांबली होती.

मावशीच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसलं. ते तिनं गिळलं. "तू ऐक आणि मला सांग."

ठकीनं एका कानाचा पट्टा बोटभर उचलला. ऐकलं. पुष्कळ वेळ ऐकलं. "थांबलीय," ती म्हणाली. "चार." मग थोड्या वेळानं, "तीन." तीनवर ती उठली आणि आत गेली. बाईंनी दार लावून घेतलं.

शाळा सुटल्यावर ठकी वही उघडीच घेऊन बाहेर आली. "नऊ घंटा. वेळेवर एक. ती चुकून असेल." मुख्याध्यापिका स्वतः व्हरांड्यात आल्या होत्या. त्यांनी वही मागितली, पानं उलटली, वेळांचा रकाना पाहून भुवया उंचावल्या, आणि मग पहिला रकाना वाचून बराच वेळ त्या पानावर थांबल्या. नाव पटावर राहील, एवढंच त्या म्हणाल्या. मावशीनं ठकीच्या आईला फोन लावून तो ठकीच्या हातात दिला. पलीकडून रडण्याचा आवाज आला असावा. ठकीनं फोन कानापासून लांब धरला आणि आम्हाला विचारलं, "हिचा किती आहे?"

ठकी आता सहावीत आहे. अजूनही एखादा दिवस वाईट जातो, त्या दिवशी ती कार्यालयातल्या शांत खोलीत बसते आणि पुढच्या तासाला परत येते. हे मला तिच्या आईकडून कळतं. मावशीला यातलं काही कळलं नाही. त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी, पहाटे, झोपेतच तिचं हृदय बंद पडलं.

त्या शुक्रवारी शाळेतून निघाल्यावर आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आलो. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल, दिवसाबद्दल, ठकीबद्दल. ती नुसती चालत होती, दमलेली, चपलेचा पट्टा सैल झालेला. तिचा रस्ता डावीकडे, माझा सरळ. वळताना ती थांबली आणि पर्स चाचपून किल्ली आहे ना ते पाहिलं.

"अगं, सोमवारी एक नवा मुलगा येणार आहे," ती म्हणाली. "कुत्र्यांना फार घाबरतो म्हणे. तुझ्या ओळखीत कुणाकडे म्हातारासा कुत्रा असेल तर बघून ठेव. जरा झोपाळू असला तर बरं."